सूचना पोचली असे समजण्यात यावे

पुठ्ठ्याची ती नावाची पाटी टेबलावर धड उभी राहत नव्हती. खिडकीच्या फटीतून वारा आला की ती चहाच्या कपाकडे सरकायची आणि हौशीराम तिला बोटानं मागं ओढून घ्यायचा – एकदा, दोनदा, आता तिसऱ्यांदा – आणि दर वेळी त्याच्याकडे वळलेलं नाव त्याला वाचावं लागायचं. अध्यक्षांना दिसणाऱ्या बाजूवर ‘श्री. हौशीराम सातकर, कान्हे’ अशी नवी पांढरी पट्टी चिकटवलेली होती. आतल्या बाजूला मात्र जुनंच नाव राहिलं होतं: श्री. शिदू हिलम. हौशीरामची स्वतःची पाटी मागच्या सभेत कुणीतरी चहा सांडून खराब केली होती; हिलमांची तशीही तीन सभांत कुणी उभी केली नव्हती, म्हणून सचिव गौरव काशीद यांनी ती वापरून टाकली. काशीद काटकसरी गृहस्थ. त्यांच्या मनात काही नव्हतं. मनात जे काही होतं ते टेबलाच्या या बाजूला होतं.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर मंडळाच्या एका सदस्याचा बंगला होता. त्याच्या काचा लावलेल्या पडवीत विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाचं सल्लागार मंडळ दर तीन महिन्यांनी भरायचं. अकरा माणसं, सगळी मानद. येण्याजाण्याचं ज्यानं त्यानं बघायचं, सल्ला द्यायचा, आणि तो संघाची कार्यकारिणी ऐकेलच असं नाही... “म्हणजे आबा, तुम्ही तिथं नेमकं करता काय?” असं नातवानं, सार्थकनं, एकदा जेवताना विचारलं होतं. पोरगं वाईट नाही, सहज विचारलं त्यानं. सून अपेक्षा हसली नव्हती, पण भाकरी वाढता वाढता थांबली होती – उत्तर ऐकायला. त्यानं काय सांगायचं? तिथं अध्यक्ष अमृताताई सरदेशपांडे कागदावरून मान वर करतात आणि म्हणतात, “सातकर सर, तुमचं काय मत?” आणि मग दहा शिकली-सवरलेली माणसं गप्प राहतात, आपल्यासाठी, हे सांगायचं? घरात त्याला दिवसातून चार वेळा विचारलं जातं – जेवलात का, गोळी घेतली का. मत कुणी विचारत नाही. पुढच्या खोलीला हिरवा रंग द्यायचा ठरलंय, हे त्याला भिंत हिरवी झाल्यावर कळलं. बायको होती तोवर ती निदान भांडायची तरी, आणि भांडायला समोरच्याचं मत माहीत असावं लागतं.

तर हे मंडळ. मंडळाला घटना होती, सव्वीस कलमांची, आणि हौशीरामला ती पाठ होती. शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस, त्याला कलमांत गोडी वाटायची. सदस्याची मुदत तीन वर्षं. ओळीनं दोनदा राहता येतं, मग एक वर्ष सक्तीनं बाहेर. हौशीरामची दुसरी मुदत आज संपत होती. पण कलम चौदा असं म्हणत होतं की मधेच एखादी जागा रिकामी झाली, तर उरलेल्या काळासाठी मावळत्या सदस्याला स्वीकृत करता येईल. आणि कलम अकरा असं म्हणत होतं की रजेचा अर्ज न देता ओळीनं तीन सभांना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा आपोआप रिकामी होईल. हे अकरावं कलम त्याचंच. पुण्याचे एक कारखानदार पत्रिकेवर नावाला होते आणि डोळ्यांना कधी दिसत नव्हते, तेव्हा त्यानंच उभं राहून सुचवलं होतं – नियम सगळ्यांना सारखा – आणि त्या दिवशी परत जाताना स्कूटरवर तो चक्क गुणगुणत होता.

आणखी एक गोष्ट होती, जी घटनेत नव्हती, फक्त इतिवृत्तात होती. शिदूच्या वाडीवर रेंज नव्हती. कार्ल्याच्या वर, डोंगराच्या कुशीतली दहाबारा घरांची वाडी. पत्र टाकलं तर सभा उलटून गेल्यावर पोचायचं. शिदू मंडळावर आला त्या पहिल्याच सभेत काशीदांनी डोकं खाजवलं, तेव्हा हौशीराम म्हणाला, “मी सांगत जाईन की त्याला. माझ्या वाटेवरच आहे.” सगळ्यांना हायसं वाटलं. काशीदांनी लिहून घेतलं आणि त्यांच्या सवयीप्रमाणे पक्कं करून टाकलं: ‘श्री. हिलम यांना सभेची सूचना श्री. सातकर यांचेमार्फत द्यावी. श्री. सातकर यांना सूचना मिळाली की ती श्री. हिलम यांना पोचली असे समजण्यात यावे.’ त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. दिसणार तरी काय? दोघं वसतिगृहात एका खोलीत राहिलेले, मावळातलेच, एका ताटात जेवलेले.

एका ताटात जेवलेले, हे खरं. तरी पंचेचाळीस वर्षं शिदू त्याला ‘तुमी’ म्हणतो आणि तो शिदूला ‘तू’, हेही खरं. सातकरांची खाचरं होती आणि हिलमांना दुसऱ्याच्या खाचरात लावणीला जावं लागायचं. वसतिगृहाच्या खोलीत खाटा सारख्या होत्या, पण ‘तू’ आणि ‘तुमी’ गावाकडून सामानाबरोबर आले ते तसेच राहिले. शिदू वाडीतला पहिला पदवीधर. पुढं आश्रमशाळेवर मास्तर झाला, निवृत्त होऊन पुन्हा वाडीवर गेला. सभेच्या आधीच्या रविवारी हौशीराम डोंगर चढून जायचा, रूपावहिनींच्या हातचा कोरा चहा प्यायचा आणि तारीख सांगायचा. शिदू ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशानं गोल करून ठेवायचा. दीड वर्षात शिदू सहा सभांना आला, सहाही वेळा वेळेच्या आधी, इस्त्री केलेल्या शर्टात.

“विषय पहिला,” अमृताताई म्हणाल्या. “मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.”

काशीद वाचू लागले. सप्टेंबरची सभा, उपस्थितांची नावं... “श्री. शिदू हिलम, अनुपस्थित. रजेचा अर्ज नाही. सूचना ठरावानुसार पोचलेली. ही त्यांची ओळीनं तिसरी अनुपस्थिती.” काशीदांचा आवाज सपाट होता, आणि खिडकीबाहेर धुकं कंपाउंडच्या भिंतीवरून आत उतरत होतं. पाटी पुन्हा सरकली. हौशीरामनं ती आडवी करून ठेवली.

मार्चमध्ये विसरलो. खरंच विसरलो. पुतण्याचं लग्न होतं, घरात पन्नास पाहुणे, रविवार कुठं गेला कळलं नाही. सभेच्या सकाळी आंघोळ करताना आठवलं – पण एका सभेनं काय होतंय? जूनमध्ये वाडीच्या वाटेवरचा ओढा फुगला होता. पाणी कमरेएवढं... मांडीएवढं तरी होतंच. लोक दोर धरून जात होते, पण माझं वय काय, लोकांचं काय. हे दोन्ही सांगता येण्यासारखं होतं. कुणाहीसमोर सांगता आलं असतं. सप्टेंबरचं मात्र...

सप्टेंबरात ऊन पडलं होतं. ओढा घोट्याएवढा. तो स्कूटर घेऊन कार्ल्यात गेला, वाडीची वाट फुटते तिथं कस्तुराबाईच्या टपरीवर थांबला, चहा सांगितला. वर जायलाच आलो होतो. चहा संपला. आणखी एक सांगितला. समोर वाट होती, तिच्यावरून दोन बाया गवताचे भारे घेऊन उतरत होत्या, आणि त्याला एकदम, कुणी कानात वाचून दाखवावं तसं, कलम चौदा आठवलं. त्याच्या मागोमाग आठवली मागच्या डिसेंबरची सभा. संघ गरजू विद्यार्थ्यांना मोबाइलवरून मार्गदर्शन करणार, अशी योजना काशीद वाचत होते, सगळे माना डोलावत होते, हौशीरामनंही “स्तुत्य उपक्रम” असं म्हणून झालं होतं, तेवढ्यात शिदू हळूच म्हणाला, “आमच्या वाडीतल्या मुलांना रेंज मिळायला टेकडीवर चढावं लागतं. तर मार्गदर्शनाच्या वेळी सगळी मुलं टेकडीवर बसवायची का?” लोक हसले. मग हसणं थांबलं, आणि अमृताताईंनी पेन उघडून ते वाक्य लिहून घेतलं. साडेपाच वर्षांत त्यांनी हौशीरामचं एकही वाक्य लिहून घेतलं नव्हतं. विचारायच्या, ऐकायच्या, मान हलवायच्या. लिहून घेतलं नव्हतं.

मी काही ठरवलं नव्हतं. हे कुणीही, देवानं जरी विचारलं, तरी मी सांगेन, ठरवलं नव्हतं. दुसरा चहा संपला, मी उठलो आणि स्कूटर वळवली. बस. आणि मग सभेच्या दिवशी गणपूर्तीला एक माणूस कमी पडला, सगळे थांबले, अमृताताईंनी विचारलं, “हिलम येतायत ना?” आणि हा तोंडातून निघून गेलेला शब्द – “सांगितलंय. येईल.” चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण खरं तर चोरालाच त्या क्षणी सगळ्यांत जास्त अंधार असतो, आपण काय उचललं हेही त्याला दिसत नाही.

“काही दुरुस्ती?” अमृताताईंनी विचारलं.

हा तो क्षण. इथं कुणी बोललं नाही की इतिवृत्त कायम होतं, आणि कायम झालं की झालं. त्यानं नागरिकशास्त्राच्या तासाला पोरांना हेच तर शिकवलं होतं. एकच वाक्य पुरे होतं. सूचना पोचली नव्हती. कारण विचारलं तर एवढंच – माझी चूक. एवढं म्हटलं की अकरावं कलम लागू होत नाही, शिदूची जागा शिदूला, आणि आपण एक वर्ष घरी, हिरव्या भिंतीसमोर... एक वर्षानं कोण लक्षात ठेवतंय सातकर सरांना. दुसरा कुणी मावळचा निवृत्त मास्तर सापडेल, मावळात त्यांना काय तोटा. आणि त्याच्या लक्षात आलं की आपण उभे राहिलो आहोत. खुर्ची मागं सरकल्याचा आवाजही झाला होता. सगळे बघत होते.

“बोला सातकर सर.”

“इतिवृत्तात,” हौशीराम म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला वर्गातला, खडू हातात असल्यासारखा वाटला, “सभा अकरा वाजता सुरू झाली असं लिहिलंय. ती अकरा वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली. गणपूर्ती नव्हती, आपण थांबलो होतो.”

काशीदांनी वही चाळली. “बरोबर आहे,” ते म्हणाले, “माफ करा,” आणि खोडून लिहिलं. अमृताताई हसल्या. “म्हणून सातकर सर हवेत,” त्या म्हणाल्या. “इतकं बारकाईनं कोण बघतं?” आणि त्यांनी पेन उघडून काहीतरी लिहून घेतलं.

तो खाली बसला. इतिवृत्त एका दुरुस्तीसह कायम झालं.

पुढचं सगळं इतक्या शांतपणे झालं की त्यात कुणाचं काही जात होतं असं वाटलंच नसतं. चौथ्या विषयाला जागा रिकामी झाल्याची नोंद घेण्यात आली. ग्रामीण भागाची जागा ग्रामीण भागाकडेच राहावी असं कुणी म्हणालं, कुणी हौशीरामचं नाव सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, एकमत झालं, टाळ्याही वाजल्या. सुंठीवाचून खोकला गेला. आणि मग काशीदांच्या लक्षात आलं की मावळत्या सदस्याचा सत्कार म्हणून हौशीरामसाठी शाल आणि नारळ आणून ठेवलाय, आणि तो तर आता मावळत नाही.

“मग हिलमांना द्या की,” अमृताताई म्हणाल्या, मनापासून. “आभाराचं पत्रही करा. चांगला माणूस होता. काही अडचण असेल घरची, कळवलं नाही त्यांनी, पण आपण रीत सोडू नये.” काशीदांनी तिथंच लॅपटॉपवर पत्र केलं, बंगल्याच्या मालकांच्या प्रिंटरवर काढलं, आणि सगळं कापडी पिशवीत घालून हौशीरामसमोर धरलं. “सर, तुमच्या वाटेवरच आहे.”

स्कूटर जुन्या हायवेला लागली. चिक्कीची दुकानं, गाड्यांच्या रांगा, मग हळूहळू मोकळं. भात कापून खाचरं उघडी पडली होती, बांधाबांधांवर पेंढ्याच्या गंजी. पिशवी पुढं पायांत ठेवली होती आणि नारळ दर खड्ड्याला त्याच्या पायाला लागत होता. पत्र टपालानं टाकावं, शाल कुणाच्या तरी हाती द्यावी, हेही सुचून गेलं. पण ह्या वेळी सगळं मंडळ पाठीवर बसल्यासारखं झालं होतं. सूचना द्यायला ज्याचे पाय उचलले नाहीत, त्याला आभार पोचवायला मात्र बरोबर वाट सापडत होती. मी सांगणार आहे त्याला – त्यानं कार्ल्याच्या वळणावर ठरवलं. मंडळासमोर नाही जमलं, पण शिदूसमोर जमेल. शिदू रागावेल, शिव्या देईल, देऊ दे. आयुष्यात एकदा त्यानं मला ‘तू’ म्हणावं... आणि असं वाटल्यावर त्याला खरंच थोडं बरं वाटलं.

टपरीपाशी स्कूटर लावताना कस्तुराबाईनं हाक दिली. “आबा, आज तरी वर जाताय न्हवं? त्या दिशी दोन च्या पेलं आन् तसंच फिरलं माघारी.”

“जातोय, मावशी,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता चढायला लागला.

शिदू अंगणात बसून इरलं दुरुस्त करत होता. “हौशीरामभाऊ!” तो उठला, बाज झटकली, आत हाक दिली, “अगं रूपा, च्या टाक. कोन आलंय बघ.” वाळला होता. मंडळात घालायचा तो निळा शर्ट दोरीवर होता, धुवून धुवून फिकट झालेला. हौशीराम बसला. बोलायचं ते एकदम बोलून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण शिदूच आधी बोलायला लागला.

“कस्तुरामावशी सांगत व्हती, तुमी आलतं खालपत्तूर, भादव्यात. आन् वर न्हाई आलं. ही म्हनाली, मीटिंग आसंल, सांगाया आलं आसतील. मी म्हनलं, खुळी का काय तू? मीटिंग आसती तर हौशीरामभाऊ रांगत आलं आसतं वर. आसंच फिरत आलं आसतील, चढ बगून माघारी गेलं. तुमी सांगितलं न्हाई म्हंजी मीटिंगच झाली न्हाई, आसं धरून चाललो मी. वरीसभर न्हाई झाली. बंद पडलं का काय मंडळ?”

हौशीरामनं पिशवी पुढं केली. आता दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. शिदूनं शाल बाहेर काढली, नारळ काढला, मग पत्र. चष्मा नव्हता, हात लांब करून तो वाचायला लागला, मास्तर वाचतात तसं, प्रत्येक शब्दावर ओठ हलवत. ‘आपण सहा सभांना उपस्थित राहून केलेले बहुमोल मार्गदर्शन... सूचना पोचूनही ओळीने तीन सभांना आपली अनुपस्थिती... कलम अकरानुसार...’ ओठ थांबले. मग पुन्हा वरून सुरू झाले. अंगणात एक कोंबडी पायाशी येऊन गेली. रूपावहिनी चहा घेऊन आल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तशाच उभ्या राहिल्या.

आता बोल. मला बोल, शिदू. ‘तू’ म्हण, अरे-तुरे कर, पिशवी फेकून दे.

शिदूनं पत्राची पहिली होती तशीच घडी घातली. मग म्हणाला, “तीन झाल्या व्हय.”

“शिदू, मी –”

“गुडघं धरलं आसतील तुमचं,” शिदू म्हणाला. त्यानं हौशीरामकडे बघितलं नाही. “मास्तरकीत उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन जात्यातच गुडघं. आन् चढ किती हाय. माज्याच ध्येनात यायला पायजे व्हतं, मीच खाली येऊन इचारत गेलो आसतो. न्हाई आलो. माजंच चुकलं.” मग आवाज थोडा चढवून, “अगं, गुडघ्यांचं लय वंगाळ हाय भाऊंचं. करंजाचं तेल हाय का आपलं?”

त्याला ठाऊक होतं की नव्हतं? हौशीरामनं त्या वाळल्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते बघितलं, आणि काहीच सापडलं नाही. मास्तर होता तोही. वर्गासमोर चेहरा कसा ठेवायचा हे त्याला शिकवायला नको. शिदूनं ही वाट त्याच्यासाठी मुद्दाम मोकळी करून दिली होती, की भोळेपणानं? ‘नाही’ म्हणता आलं असतं. गुडघ्यांना काही झालेलं नाही, मी आताच तरण्यासारखा चढून आलो, तू बघितलंस. सभेत होता तसाच हा क्षण होता, फक्त इथं दुरुस्ती विचारायला कुणी नव्हतं.

“कंचा गुडगा?” बाटली घेऊन आलेल्या रूपावहिनींनी विचारलं.

आणि हौशीरामचा हात आपसूक उजव्या गुडघ्यावर गेला.

“हां. राती झोपताना जिरवायचं,” त्या म्हणाल्या. शिदूनं शाल खांद्यावर टाकून बघितली, काढली, घडी घातली. नातीला, चिंगीला, विद्यापीठात आपली खुर्ची हाय म्हणून सांगितलं होतं, असं काहीतरी तो म्हणाला, आणि हसला, आणि पुढं म्हणाला, “आता तुमची हाय न्हवं तितं? मग झालं. पोरांच्या रेंजचं तेवढं इचारा.” हौशीराम विचारतो म्हणाला. अमृताताईंचं पेन त्याला दिसलं, आणि तो चहा न पिता उठला, मग बसून प्यायला.

तो निघाला तेव्हा शिदू वाटेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. “सावकाश उतरा, भाऊ.” पाठीवर त्याची नजर आहे हे हौशीरामला मागं न वळता कळत होतं. दहा-बारा पावलं गेल्यावर त्याला जाणवलं की आपण लंगडतोय. उजवा पाय तो जपून टाकत होता, दगडावर आधी बोटं, मग टाच, आणि हात दर पावलाला मांडीवर टेकत होता. थांबवावं असं वाटलं, पण नजर अजून होती. पुढं वळण आलं, करवंदीच्या जाळीनं वाडी झाकली, आता वरून कुणालाही काही दिसणार नव्हतं. त्यानं सरळ चालायचं म्हणून पाय उचलला. जमलं नाही. कुठंच दुखत नव्हतं, आणि तरी पाय सरळ पडेना. खाली कस्तुराबाईच्या टपरीवर धूर दिसत होता, तिथं ती विचारणार. घरी अपेक्षा विचारणार, ही बाटली कसली. पुढं कधीतरी पुन्हा इथंच यावं लागणार. हौशीराम तसाच, एकेक दगड जपत, उतरत राहिला, आणि पोराकडून धडा घोकून घ्यावा तसं मनाशी म्हणत राहिला – उजवा... उजवा... उजवा.